मिडसाइझ सेडानचं इंजिन निवडताना: आधी रनिंग, मग गिअरबॉक्स, पॉवरचा आकडा शेवटी

स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस, ह्युंदाई व्हर्ना, होंडा सिटी. या चौघींपैकी कोणती घ्यायची हे बहुतेकांचं घरीच ठरलेलं असतं, अनेकदा रंगासकट. इंजिन मात्र ठरतं शोरूमच्या टेबलावर, ‘या महिन्यात टर्बोवर स्कीम आहे’ किंवा ‘मॅन्युअल आता कोण घेतं, साहेब?’ असल्या वाक्यांच्या भरात. सहा महिन्यांनी मग दोनच तक्रारी कानावर येतात: शहरात गाडी पेट्रोल पिते, नाहीतर घाटात गाडी दमते. यात इंजिनाचा दोष क्वचित असतो. आधी पॉवर पाहिली, मग व्हेरिएंट, मग बजेट, आणि ‘आपण गाडी कुठे आणि कशी चालवतो’ हा प्रश्न डिलिव्हरी झाल्यावर पडला, असा सगळा उलटा क्रम झालेला असतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्याला पंधरा दिवस लागतात आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. आकडे कंपन्यांनी जाहीर केलेले आहेत. मॉडेल वर्षागणिक व्हेरिएंट बदलतात, त्यामुळे बुकिंगच्या महिन्याचं ब्रोशर हातात असू द्या.

## टप्पा १: आपलं रनिंग कागदावर आणा

सध्याच्या गाडीची टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि पंधरा दिवस नेहमीसारखी चालवा. एवढ्या गोष्टी लिहून ठेवा:

१. एकूण किलोमीटर.
२. सरासरी वेग. गाडीच्या डिस्प्लेवर दिसत नसेल तर रोजच्या रस्त्याचे किलोमीटर आणि मिनिटं लिहा.
३. गाडीत बहुतेक वेळा किती जण असतात.
४. वर्षातून घाट किती वेळा, आणि तेव्हा गाडी भरलेली असते का.

यात सगळ्यात बोलका आकडा सरासरी वेगाचा. ‘माझं रनिंग सिटीतलंच आहे’ असं दोघं म्हणतात, पण एकाला सकाळी हिंजवडीकडे जाताना १४ किलोमीटरला ५० मिनिटं लागतात, म्हणजे ताशी १७ किलोमीटर. दुसरा नाशिकमध्ये तेवढंच अंतर २८ मिनिटांत कापतो, ताशी ३०. पहिल्याचं इंजिन बराच वेळ एसी चालू ठेवून जागच्या जागी पेट्रोल जाळतं, आणि क्लच दर मिनिटाला लागतो-सुटतो. या दोघांना एकच इंजिन सुचवणं चूक आहे.

माझी ढोबळ विभागणी अशी. सरासरी १८ च्या खाली असेल तर तुम्ही रांगत्या ट्रॅफिकमधले. १८ ते ३० म्हणजे मिश्र वापर. ३० च्या वर म्हणजे मोकळा रस्ता. कोल्हापूर-पुणे किंवा संभाजीनगर-नाशिक अशी नेमाने ये-जा करणारे आपोआप तिसऱ्या गटात येतात.

सावध: पंधरवड्यात एखादी गावाकडची खेप झाली तर तिचे किलोमीटर रोजच्या आकड्यात मिसळू नका. बहुतेक गाड्यांत ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन ट्रिप असतात. एक ऑफिसच्या रस्त्याला, दुसरी लांबच्या प्रवासाला. मिसळलेली सरासरी दोन्ही वापरांबद्दल चुकीचं सांगते.

तपासा: वर्षाचं रनिंग पंधरवड्यावरून गुणून काढू नका. मागच्या दोन सर्व्हिसिंगच्या बिलांवर किलोमीटर आणि तारीख असते, त्यावरून काढा. लोक आपलं रनिंग हमखास जास्त सांगतात.

## टप्पा २: समोर काय आहे ते नीट वाचा

या वर्गात आता नवीन डिझेल नाही. सिटी आणि व्हर्नाची डिझेल इंजिनं २०२३ मध्ये बंद झाली. स्लाव्हिया आणि व्हर्टसला भारतात डिझेल कधी आलंच नाही. कारखान्यातून बसवलेलं सीएनजीही चौघींत नाही. टर्बो, थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनावर बाहेरून किट बसवायचा विचार असेल तर इंजिनाच्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा. महिन्याचं रनिंग इतकं असेल की सीएनजीशिवाय परवडत नाही, तर गाडीचा वर्गच बदलायला हवा.

उरलेल्या पेट्रोल इंजिनांचे चार प्रकार होतात.

साधं पेट्रोल, टर्बोशिवाय (टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा). सिटीचं १.५ आय-व्हीटेक: १२१ पीएस (पॉवरचं माप), १४५ न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर). व्हर्नाचं १.५ एमपीआय: ११५ पीएस, १४४ न्यूटन-मीटर.

छोटा टर्बो. स्लाव्हिया आणि व्हर्टसचं १.० टीएसआय, तीन सिलिंडर: ११५ पीएस, १७८ न्यूटन-मीटर.

मोठा टर्बो. स्लाव्हिया-व्हर्टसचं १.५ टीएसआय: १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर. व्हर्नाचं १.५ टर्बो: १६० पीएस, २५३ न्यूटन-मीटर.

हायब्रिड. सिटी ई-एचईव्ही. यात १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन बहुतेक वेळ जनरेटरसारखं वीज बनवतं आणि चाकं फिरवते ती १०९ पीएस, २५३ न्यूटन-मीटरची मोटर. हायवेच्या वेगाला मात्र क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. चार्जिंगची वायर वगैरे काही नाही.

आता ब्रोशरमधली ती ओळ पाहा जी कोणी वाचत नाही: टॉर्क किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, मिळतो. व्हर्ना एमपीआय आणि १.० टीएसआय दोन्हींची पॉवर ११५ पीएस. कागदावर बरोबरी. पण एमपीआयचा पूर्ण टॉर्क ४,५०० आरपीएमला येतो, आणि १.० टीएसआयचा त्याहून जास्त टॉर्क १,७५० पासूनच हजर असतो. रोजच्या चालवण्यात काटा अडीच हजारांच्या वर फारसा जात नाही. म्हणजे ओव्हरटेक करताना एकाला फक्त पाय दाबावा लागतो आणि दुसऱ्याला एक-दोन गिअर खाली टाकून इंजिन ओरडवावं लागतं. आकडा एकच असूनही चालवायला या दोन अगदी वेगळ्या गाड्या आहेत.

याची दुसरी बाजू सेल्समन सांगत नाही. १,७०० च्या खाली टर्बो भरलेला नसतो, तेव्हा १.० टीएसआय म्हणजे बाराशे किलोच्या आसपासची गाडी ओढणारं निव्वळ एक लिटरचं इंजिन. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात, एसी चालू आहे, मागे तिघं बसलेत, की गाडी क्षणभर अडखळते आणि मग एकदम झेप घेते. काहींना महिन्याभरात सवय होते. काहींना कधीच होत नाही, आणि अशांनी साधं पेट्रोल घेतलेलं उत्तम.

घाटाचंही इथेच पाहून घ्या. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटर उंचीला साधारण दहावा हिस्सा ताकद गमावतं, कारण हवा विरळ होते. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पसरणी घाट चढून वर पोचेपर्यंत बारा-तेरा टक्के गेले. टर्बो हवा दाबून आत ढकलतो, त्यामुळे त्याला हा फटका फारसा जाणवत नाही. पण वर्षातून एकदा महाबळेश्वरला जायचं म्हणून टर्बो घेऊ नका. साधं इंजिनही खालच्या गिअरमध्ये आरामात चढतं, फक्त आवाज करतं.

१.५ टीएसआयमध्ये भार कमी असताना चारपैकी दोन सिलिंडर बंद होतात. समृद्धीसारख्या सपाट रस्त्यावर एका वेगाने चालवताना याचा खरा उपयोग आहे. ट्रॅफिकमध्ये जवळजवळ नाही.

नेहमीची चूक: ‘टर्बो म्हणजे रेसिंगवाल्यांसाठी’ म्हणून टाळणं, किंवा ‘एक लिटरचं इंजिन एवढी मोठी गाडी काय ओढणार’ म्हणून हसणं. दोन्ही मतं टॉर्कची ओळ न वाचता बनलेली असतात.

## टप्पा ३: इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने निवडा

माझ्या मते निम्म्या चुका इथे होतात. ‘ऑटोमॅटिक हवी’ एवढंच सांगितलं जातं, आणि कोणती ऑटोमॅटिक हे विचारलंच जात नाही, कारण या चार गाड्यांत ती इंजिनाबरोबर बांधलेली येते. १.० टीएसआयला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पुढे पोचवणारा. १.५ टीएसआयला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दुहेरी क्लच. व्हर्ना टर्बोलाही दुहेरी क्लचच. सिटीला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी सलग बदलत जाणारी; व्हर्ना एमपीआयला आयव्हीटी, जी सीव्हीटीच असते. हायब्रिडला नेहमीच्या अर्थाने गिअरबॉक्सच नाही.

दुहेरी क्लच. गिअर पापणी लवायच्या आत बदलतो, हायवेवर आणि घाटात मजा आणतो. पण आत क्लच प्लेटाच आहेत, आणि या गाड्यांतल्या कोरड्या आहेत, म्हणजे त्यांना तेलाचा थंडावा नाही. बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये गाडी इंच-इंच सरकते तेव्हा तुमच्या वतीने गिअरबॉक्स हाफ क्लच करत असतो. उन्हाळ्याच्या दुपारी, चढाच्या पुलावर, अर्धा तास हे चाललं की तापतो. सरासरी वेग १८ च्या खाली असलेल्याने हा रोजच्यासाठी घेण्याआधी दोनदा विचार करावा. घ्यायचाच असेल तर पुढच्या गाडीपासून जागा मोकळी होऊ द्या आणि मग एका दमात सरका. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरणं हा दुहेरी क्लच मारायचा हमखास मार्ग, ब्रेक दाबा.

टॉर्क कन्व्हर्टर. जुना, भरवशाचा प्रकार. रांगत्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडला की अलगद सरकतो, तापण्याची चिंता कमी. टर्बोचा तो १,७०० खालचा अडखळा हा बराचसा गिळून टाकतो, म्हणून १.० टीएसआय मॅन्युअलपेक्षा १.० टीएसआय ऑटोमॅटिक शहरात जास्त सुसह्य आहे. ज्यांनी मॅन्युअलची टेस्ट ड्राइव्ह घेऊन हे इंजिन नापास केलंय, त्यांनी ऑटोमॅटिकची पुन्हा घ्यावी.

सीव्हीटी. आजी-आजोबा मागे बसणार असतील तर यासारखं काही नाही, कारण गिअर बदलल्याचा धक्काच नाही. जोरात पाय दाबला की मात्र आधी आवाज वाढतो आणि वेग मागून येतो. हळू पायाने चालवणाऱ्याला हे जाणवतही नाही. कसारा किंवा खंबाटकी घाटात ट्रकमागून झटकन बाहेर पडायची सवय असलेल्याला चीड येते.

हायब्रिड. रांगत्या ट्रॅफिकचा राजा हाच. इंजिन वारंवार आपोआप बंद होतं, गाडी मोटरवर सरकते, आणि ब्रेक लावताना बॅटरीत थोडी वीज परत जाते. साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची, ई-एचईव्हीची ३०६, कारण बॅटरी मागे बसते. दोन मोठ्या बॅगा आणि बाळाची गाडी नेहमी न्यायची असेल तर शोरूममध्ये बॅगा घेऊन जा. लाज वाटायचं कारण नाही.

मॅन्युअल. मोकळ्या रस्त्याला अजूनही सगळ्यात स्वस्त आणि साधा पर्याय. मोठ्या टर्बोबरोबर मॅन्युअल हवा असेल तर तो कोणत्या व्हेरिएंटमध्ये मिळतो ते त्या महिन्याच्या यादीत पाहा. हे व्हेरिएंट येतात-जातात.

सावध: ऑटोमॅटिक कोणतीही असो, घाट उतरताना ‘डी’मध्ये नुसत्या ब्रेकवर उतरू नका. मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ लावून इंजिनाला गाडी धरू द्या. टेस्ट ड्राइव्हला हे कसं लावायचं ते विचारून घ्या.

तपासा: इथपर्यंत आल्यावर कागदावर दोनच जोड्या उरल्या पाहिजेत. रांगतं ट्रॅफिक असेल तर हायब्रिड, सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरपैकी दोन. मोकळा रस्ता आणि भरलेली गाडी असेल तर मोठा टर्बो आणि बहुधा छोटा टर्बो मॅन्युअल. मिश्र वापर असेल तर माझं मत १.० टीएसआय ऑटोमॅटिककडे झुकतं, पण साध्या पेट्रोलची एक टेस्ट ड्राइव्ह घेऊनच. तीन-चार जोड्या अजून उरल्या असतील तर पहिल्या टप्प्याचे आकडे पुन्हा पाहा.

## टप्पा ४: अ‍ॅव्हरेजचा हिशेब स्वतः करा

व्हर्ना टर्बो दुहेरी क्लचचं प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरला २०.६ किलोमीटर, आणि साध्या एमपीआय मॅन्युअलचं १८.६. यावरून ‘टर्बो जास्त देते’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, वेग ९० च्या वर जात नाही, एसी बंद असतो आणि पाय ठरलेल्या रेषेत हलतो. अशा हलक्या भारात टर्बो काटकसरी असतोच. खऱ्या रस्त्यावर त्याचा टॉर्क वापरायला लागलात की तो पेट्रोल मागतो. साधं इंजिन चालवणाऱ्याच्या पायाला तितकं संवेदनशील नसतं. म्हणून प्रमाणित आकडा एकाच प्रकारच्या दोन गाड्यांची तुलना करायला ठीक, दोन प्रकारांची तुलना करायला कुचकामी.

आता इंधनातही २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे आठ वर्षांपूर्वीच्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजशी नव्या गाडीची तुलना करून कपाळाला हात लावू नका.

हिशेब कसा मांडायचा ते सिटी सीव्हीटी आणि सिटी हायब्रिडवर पाहू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ऑन-रोड फरक ४ लाख धरू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे घाला.

१. रांगत्या ट्रॅफिकमध्ये वर्षाला १२,००० किलोमीटर. सीव्हीटी ११ देते, हायब्रिड २० देते असं धरलं तर पेट्रोल १,०९१ लिटर विरुद्ध ६०० लिटर. वर्षाला सुमारे ५१,५०० रुपये वाचले. ४ लाख वसूल व्हायला पावणेआठ वर्षं.
२. तेच ट्रॅफिक, पण वर्षाला २४,००० किलोमीटर. वसुली चार वर्षांच्या आत.
३. मोकळा हायवे, १२,००० किलोमीटर. सीव्हीटी १६, हायब्रिड २१ धरलं तर वर्षाला फक्त पावणेएकोणीस हजार वाचतात. वसुलीला एकवीस वर्षं.

तिसऱ्या ओळीतला माणूस ‘लिटरला २७.१३’ हा जाहिरातीतला आकडा पाहून हायब्रिड घेतो तेव्हा वाईट वाटतं. दुसऱ्या ओळीतला माणूस ‘हायब्रिड महाग आहे’ म्हणून सोडून देतो तेव्हाही. शांतता आणि गुळगुळीत चालणं यासाठी पैसे मोजायचे असतील तर खुशाल मोजा, पण त्याला बचत म्हणू नका.

छोटा टर्बो की मोठा, हा प्रश्न पेट्रोलच्या हिशेबाने सुटतच नाही. दोन्हींच्या अ‍ॅव्हरेजमधला फरक लहान, किमतीतला मोठा. तिथे ठरवायचं ते गाडी किती वेळा भरलेली असते आणि दोनपदरी रस्त्यावर किती ओव्हरटेक करावे लागतात, यावर. चोर्ला घाटाने वरचेवर गोव्याला जाणाऱ्या पाच जणांच्या कुटुंबाला मोठा टर्बो सुखाचा. एकट्याने एक्स्प्रेसवेवर शंभरच्या मर्यादेत जाणाऱ्याला छोट्यात काहीच कमी पडत नाही.

नेहमीची चूक: ओळखीच्याने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज धरणं. ते डिस्प्लेवरचं असतं, आणि तेही बहुधा त्याच्या सगळ्यात चांगल्या खेपेचं. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, लिटर आणि किलोमीटर, एवढाच आकडा विचारा.

## टप्पा ५: टेस्ट ड्राइव्ह आपल्या अटींवर

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे मोकळ्या सर्व्हिस रोडवरची दहा मिनिटं, शेजारी सेल्समन, मागे कोणी नाही. असल्या फेरीत सगळीच इंजिनं छान वाटतात. फोनवरच सांगून ठेवा: गाडी माझ्या घरी आणा, गर्दीच्या वेळी, आणि नेमक्या याच इंजिन-गिअरबॉक्सची आणा. ‘तीच गाडी आहे, फक्त इंजिन वेगळं’ हे वाक्य ऐकलं तर तारीख बदला.

क्रम असा ठेवा:

१. गार इंजिन सुरू करा. बॉनेटवर हात ठेवून आधीच गरम आहे का पाहा. तीन सिलिंडरची थरथर सुरुवातीला सीटमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये सगळ्यात जास्त जाणवते. खपत असेल तर पुढे चला.
२. एसी पूर्ण, मागे माणसं बसवा. घरचेच असू द्या. मत त्यांचंही लागणार आहे.
३. सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प. अर्ध्यावर थांबा, पुन्हा उचला. मग रिव्हर्समध्ये चढवून पाहा. दुहेरी क्लचची खरी ओळख इथे होते.
४. रांगतं ट्रॅफिक, निदान दहा मिनिटं. गाडी धक्के देते का, ब्रेक सोडल्यावर सरकते का.
५. दुसऱ्या गिअरमध्ये स्पीडब्रेकर, मग लगेच वेग. मॅन्युअल टर्बोचा अडखळा मोजायची हीच जागा.
६. ४० वरून ८० पर्यंत, मोकळ्या आणि सुरक्षित पट्ट्यात. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे तुम्हाला आयुष्यात लागणार नाही. ४० ते ८० रोज लागेल.
७. हायब्रिड असेल तर लांब चढावर किंवा उड्डाणपुलावर जोर देऊन इंजिनाचा आवाज ऐका. शांत गाडी एकदम बोलायला लागते, ते आधी कळलेलं बरं.

उरलेल्या दोन्ही जोड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, लागोपाठ चालवा. आठवड्याच्या अंतराने चालवल्या तर आठवणीत राहते ती सीट आणि स्क्रीन.

सावध: टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत ‘एस’ किंवा स्पोर्ट मोड आधीच लावून ठेवलेला असू शकतो. निघण्याआधी ‘डी’ आणि नॉर्मल आहे ना ते पाहा.

## टप्पा ६: कोटेशनमध्ये इंजिनाचा किती वाटा

जीएसटीत छोट्या इंजिनाला इथे सवलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के लागतो, पण गाडी चार मीटरच्या आत असेल तरच. या सेडान साडेचार मीटरच्या. त्यामुळे १.० टीएसआय असो, १.५ असो की हायब्रिड, सगळ्यांना ४० टक्केच.

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० ते २० लाखांत १२ टक्के रोड टॅक्स, २० लाखांच्या वर १३ टक्के. वरचा व्हेरिएंट २० लाखांची रेषा जेमतेम ओलांडत असेल तर एक टक्का पूर्ण किमतीवर वाढतो, म्हणजे वीस हजार. कंपनीच्या नावावर घेणार असाल तर दर २० टक्के आहे. सीएला आधी विचारा.

विम्यात थोडी गंमत आहे. थर्ड पार्टी प्रीमियम सीसीवर ठरतो. १.० टीएसआय ९९९ सीसीचं, म्हणून एक हजारच्या आतल्या गटात. २०२२ च्या दरांप्रमाणे नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी ६,५२१ रुपये, आणि दीड हजार सीसीपर्यंत १०,६४०. हायब्रिडला त्यात साडेसात टक्के सूट. तीन वर्षांत चार हजारांचा फरक, यावर इंजिन ठरवू नका. पण कोटेशनमध्ये गट चुकवलाय का ते मात्र पाहा.

एक्स्टेंडेड वॉरंटी दुहेरी क्लचवाल्यांनी घ्यावीच. घेताना क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट यात धरलंय का, हे लेखी मागा. क्लच हा झिजणारा भाग म्हणून वगळला जाऊ शकतो. हायब्रिडच्या बॅटरीला होंडा ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देते. जुनी हायब्रिड घेत असाल तर या मुदतीतलं किती उरलंय ते किमतीत धरा.

## टप्पा ७: बुकिंग आणि रजिस्ट्रेशनआधीची तपासणी

बुकिंग फॉर्मवर फक्त मॉडेल आणि रंग लिहून सोडू नका. इंजिन, गिअरबॉक्स आणि व्हेरिएंट पूर्ण नावाने लिहून घ्या. ‘१.५ ऑटोमॅटिक’ एवढ्या शब्दांत व्हर्नाची साधी आयव्हीटीही बसते आणि टर्बो दुहेरी क्लचही.

गाडी यार्डात आली की रजिस्ट्रेशनच्या आधी जा. नंबर पडल्यावर सापडलेल्या दोषाला ‘सर्व्हिसमध्ये करून देऊ’ हेच उत्तर मिळतं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर इन्व्हॉइसशी ताडा, उत्पादनाचा महिना पाहा, ओडोमीटर पाहा. इंजिन सुरू करून पाच मिनिटं चालू द्या, डिस्प्लेवर कोणताही पिवळा दिवा उरत नाही ना ते बघा. बॉनेटखाली आणि गाडीखालच्या फरशीवर तेलाचा डाग नको.

## टप्पा ८: पहिले दीड हजार किलोमीटर

नव्या इंजिनाला मध्यम आणि बदलत्या वेगाने चालवा. पूर्ण थ्रॉटल नको, आणि कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये रेटणंही नको. ‘लवकर टॉप गिअर म्हणजे अ‍ॅव्हरेज’ ही जुनी सवय टर्बोला नडते. १,५०० च्या खाली पाय दाबायची वेळ आली तर एक गिअर उतरवा. घाट चढून थांबलात तर शेवटचं मिनिट-दोन मिनिटं हळू चालवून मग बंद करा.

टर्बो इंजिन थोडं तेल खातं, विशेषतः नवं असताना. लांबच्या प्रवासाआधी सपाट जागी गाडी उभी करून डिपस्टिक पाहायची सवय लावा. प्रीमियम पेट्रोलची गरज टाकीच्या झाकणावरचं लेबल सांगत असेल तरच. एरवी ते पैसे वाया जातात.

पहिल्या सर्व्हिसला जॉब कार्डवर ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच लिहून घ्या, आणि बिलावरही तोच छापलाय का ते गाडी बाहेर काढण्याआधी वाचा. टर्बोच्या वॉरंटीचा वाद निघाला तर वर्कशॉपवाले पहिल्यांदा हीच बिलं मागतात.